बंद पडण्याचा माग



वैशाखातल्या दिवसांत वर्ध्याच्या माणसाने संध्याकाळी घराबाहेर पडावे ते वाऱ्याच्या झुळकीसाठी. व्याख्यानासाठी पडावे असा त्या बिचाऱ्याचा काही अपराध नसतो. तरीही आपण एवढ्या संख्येने येथे आला आहात, तेव्हा आपला वेळ अगदीच फुकट जाऊ नये ही जबाबदारी आमच्यावर आली. त्यातून आजचा विषय थोडा आडवळणाचा. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, “पायथन म्हणजे अजगरच ना? मग हे व्याख्यान सर्पमित्रांनी द्यायचे, तुम्ही कशाला?”

तर प्रथम अजगराचा बंदोबस्त करू. पायथन ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा आहे. हॉलंडचे गिडो वान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती रचायला घेतली आणि १९९१ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे ठेवली. नाव घेतले ते सापावरून नव्हे. ‘मॉंटी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळीचा दूरचित्रवाणीवर जो कार्यक्रम होत असे त्यावरून. आज शाळकरी मुलापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे ही भाषा वापरतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ या प्रकल्पाने तिच्या प्रसारासाठी पुष्कळ काम केले आहे, आणि तेथलेच ‘स्पोकन ट्यूटोरियल’ मंडळ असे विषय मराठीतूनही शिकवते. श्रोत्यांत जे तरुण आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. आमच्या पिढीला हे सुख नव्हते.

आता मूळ गोष्ट. ती आमच्याच फजितीची आहे.

आपल्या जिल्ह्यातील एका जिनिंग कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, कापसाच्या वजनाची पावती देणारी एक आज्ञावली काही वर्षांपूर्वी बसवण्यात आली. ती पायथनमध्ये लिहिलेली होती आणि लिहिणाऱ्यांत आमचाही हात होता. काम अगदी साधे. शेतकरी कापूस भरलेली गाडी काट्यावर आणतो. भरल्या गाडीचे वजन होते. मग तो आत जाऊन कापूस खाली करतो आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घेतो. दोन वजनांतले अंतर म्हणजे त्याचा कापूस. दुसऱ्या वजनाच्या वेळी आमची आज्ञावली मुख्य कचेरीतल्या संगणकाकडून शेतकऱ्याचे नाव, गाव आणि खाते मागवून घेई आणि पावती छापी. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शेकडो पावत्या बिनबोभाट निघाल्या. आम्ही आपल्या पाठीवर स्वतःच थाप मारून घेतली.

पुढे एके दिवशी ती बंद पडली. आणि पडली ती नेमकी दोन वजनांच्या मध्ये. पहिले वजन यंत्राच्या स्मरणात होते, ते गेले. कापूस तर केव्हाच ढिगात मिसळला होता! एकदा ढिगात गेलेला कापूस कोणाचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आज्ञावली पुन्हा सुरू केली, तर काही झालेच नाही अशा थाटात चालू लागली. काट्यापाशी उभे असलेले वयस्क शेतकरी आमच्याकडे वळून म्हणाले, “भाऊ, माह्या गाडीचं वजन तुमच्या मशीननं गिळलं. आता मले सांगा, मी कोनाले पुसू?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच गाडीच्या आधीच्या खेपांच्या पावत्या काढून, त्यांवरून अंदाज बांधून एक तडजोडीचा आकडा ठरला. त्या गृहस्थांनी तो मान्य केला, कारण मागे गाड्यांची रांग लागली होती आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचा तास पुढे सरकत होता. तो आकडा बरोबर होता की चूक, हे आजही कोणी सांगू शकणार नाही.

पुढल्या महिन्याभरात असे आणखी तीनदा घडले. मग आम्ही दोष शोधायला बसलो.

येथे पायथनचा एक गुण सांगितला पाहिजे. पायथनची आज्ञावली बंद पडते तेव्हा ती मुकाट्याने मरत नाही. मरता मरता जबानी देते. अमक्या फायलीतल्या अमक्या ओळीवर मी अडले, तेथे मला तमक्या ओळीने धाडले होते, आणि तिला त्याआधीच्या ओळीने, अशी सगळी वंशावळ ती छापते. तिला ‘ट्रेसबॅक’ म्हणतात. आपण माग म्हणू. रानातला माणूस पावलांवरून जनावर कोठून आले हे ओळखतो, तसाच हा प्रकार. परंतु पाऊल दिसले म्हणून जनावराच्या पोटात काय होते हे कळत नाही. कोणत्या ओळीवर आज्ञावली अडली हे माग सांगतो. त्या क्षणी तिच्या हातात कोणते आकडे, कोणती अक्षरे होती हे सांगत नाही. आमच्या मागात एवढेच होते, की कचेरीतून आलेला मजकूर अक्षरांत उलगडताना घोटाळा झाला.

मग आम्ही तोच मजकूर, तेच शेतकरी, तीच गाडी घेऊन आमच्या घरच्या संगणकावर आज्ञावली चालवली. चालली. शंभरदा चालवली, शंभरदा चालली. दाढ रात्रभर ठणकावी आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसताच थांबावी, तसेच हे. कचेरीतल्या मंडळींनी ‘मजकूर खराब असेल’ म्हणून हात झटकले; आम्ही ‘तार खराब असेल’ म्हणून झटकले. चरख्यावर सूत तुटले तर दोन्ही टोके समोर दिसतात. कातणारा ती जुळवतो आणि पुढे कातू लागतो. येथे तुटलेली टोकेच नाहीशी झाली होती.

दोष पुन्हा घडवून दाखवता येत नाही म्हणून तो नाहीच असे समजणे किती महागात पडते, याची एक खरी हकीकत सांगतो. ती पायथनची नाही, पण आमच्या विषयाच्या गाभ्यातली आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर या गावी कर्करोगाचे एक रुग्णालय होते. तेथे किरणोपचाराचे ‘थेराक–२५’ नावाचे यंत्र संगणकाच्या आज्ञेवर चाले. २१ मार्च १९८६ रोजी एका रुग्णाला त्या यंत्राने नेमून दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त किरण दिले. पडद्यावर फक्त ‘बिघाड ५४’ एवढे शब्द उमटले. कंपनीच्या अभियंत्यांनी येऊन यंत्र तपासले. बिघाड काही पुन्हा होईना. यंत्र पुन्हा कामाला लावले. ११ एप्रिलला तेच दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत घडले. दोघेही पुढे दगावले.

तेव्हा तेथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र बंद केले आणि ते चालवणाऱ्या बाईंना शेजारी बसवून घेतले. त्या दिवशी तुम्ही कोणत्या कळा, कोणत्या क्रमाने दाबल्या? आठवून आठवून ती कृती दोघांनी पुन्हा पुन्हा केली. अखेर उलगडा झाला. उपचाराचा प्रकार चुकून भलताच टाइप झाला आणि तो चटकन, काही सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्राचे अवयव जुन्याच हुकमावर राहत. बाई रोजच्या सरावाने जलद टाइप करीत. तपासायला आलेले अभियंते सावकाश करीत. म्हणून त्यांना बिघाड दिसेना! आमच्या मते संगणकाच्या इतिहासात याहून बोधप्रद प्रसंग थोडेच असतील. बाईंना आपली बोटे आठवत होती, हे नशीब. प्रत्येक कळ आणि तिची वेळ यंत्राने आपोआप लिहून ठेवली असती, तर नशिबावर विसंबावे लागले नसते. पहिल्या प्रसंगानंतरच ती नोंद कोणी पाहिली असती, तर दुसरा प्रसंग कदाचित घडलाच नसता.

विमानवाल्यांना हे शहाणपण आधी सुचले. २ मे १९५३ रोजी ‘कॉमेट’ जातीचे एक जेट विमान कलकत्त्याहून उडाले आणि थोड्याच वेळात वादळात सापडून कोसळले. पुढल्या वर्षी त्याच जातीची आणखी दोन विमाने पडली. काय झाले ते सांगायला कोणी उरले नव्हते. त्या चौकशीच्या कामात भाग घेतलेले ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड वॉरन यांच्या मनात आले, की वैमानिकांचे बोलणे आणि यंत्रांचे आकडे टिपत राहणारी एक पेटी विमानातच का असू नये? तीच आज जिला आपण ‘काळी पेटी’ म्हणतो ती. रंगाने मात्र नारिंगी असते.

परंतु विमानाची पेटी आणि आज्ञावलीची पेटी यांत एक फरक आहे, आणि तो आपल्या फायद्याचा आहे. पेटीतले आकडे वाचून विमान पुन्हा पाडता येत नाही, आणि पाडूही नये. आज्ञावली मात्र पुन्हा पाडता येते. हव्या तितक्या वेळा, कोणालाही इजा न होता. कारण आज्ञावली स्वभावाने हट्टी आहे. तिला तेच द्या, ती तेच करील. तिच्या वागण्यात जो काही लहरीपणा दिसतो तो बाहेरून येतो. फायलीतून, तारेवरून, कळफलकावरून काय आले. घड्याळाने किती वाजले म्हणून सांगितले. अंदाधुंद संख्या मागितली तेव्हा कोणती मिळाली. दोन कामे एकाच वेळी चालली असता आधी कोणाचा नंबर लागला. बाहेरून आलेल्या एवढ्या गोष्टी क्रमाने लिहून ठेवल्या, की आतले सगळे नाटक जसेच्या तसे पुन्हा उभे राहते. आतली प्रत्येक हालचाल टिपण्याची गरज नाही. कीर्तनकाराला आख्यान ठाऊक असते. श्रोत्यांनी मध्येच काय विचारले तेवढे टिपून ठेवले, की सबंध रात्र पुन्हा उभी करता येईल.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत रॉबर्ट बाल्झर यांनी १९६९ मध्येच ‘एक्सडॅम्स’ नावाची एक योजना मांडली होती. आज्ञावलीची सगळी चाल आधी फितीवर उतरवायची आणि मग ती फीत मागेपुढे फिरवून दोष शोधायचा. तेव्हाच्या संगणकांची ताकद बेताची, त्यामुळे हे प्रकरण फार पसरले नाही. पुढे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला संस्थेत न्यूझीलंडचे रॉबर्ट ओकॅलहन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘आरआर’ नावाचे साधन रचले आणि २०१४ मध्ये ते लोकांस खुले केले. ते आज्ञावलीची सारी कामे एका वेळी एकच अशी रांगेत चालवते, बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट टिपते, आणि मग तीच चाल पुन्हा दाखवते. एवढेच नव्हे, तर उलटीही नेते. आकडा बिघडलेला दिसला, की ‘हा कोणी बिघडवला?’ असे विचारत मागे मागे जाता येते. मात्र पायथनवाल्यांना त्याचा उपयोग अर्धाच होतो. पायथनचा दुभाषी स्वतः ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे. ‘आरआर’ला दिसतो तो दुभाष्याचा ओठ, आपले वाक्य नव्हे. ‘पायपाय’ या पायथनच्या दुसऱ्या अवताराच्या मंडळींनी २०१६ मध्ये खास पायथनसाठी असे मागे जाणारे साधन केले होते.

पायथनचा लहरीपणा कोठे कोठे दडलेला असतो, याचा एकच मासला देतो. २०१२ च्या तिसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीपासून पायथन शब्दांना जे अंतर्गत क्रमांक देतो, ते प्रत्येक वेळी आज्ञावली सुरू करताना बदलतात. दुष्ट लोकांनी मुद्दाम एकाच क्रमांकाचे शब्द पाठवून यंत्र गुदमरवू नये म्हणून ही तजवीज केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. पण तीमुळे गावांच्या नावांचा एखादा संच आज वर्धा, देवळी, सेलू असा निघेल, तर उद्या सेलू, वर्धा, देवळी. कोणी त्या क्रमावर विसंबून काही लिहिले असेल, तर त्याचा दोष एक दिवस दिसेल आणि तीन दिवस लपेल. सुरुवातीचे ते एक बीज लिहून ठेवले, की झाले.

आम्ही मात्र एवढ्या मोठ्या साधनांच्या वाटेला गेलो नाही. आमच्या आज्ञावलीला बाहेरचे वारे एकाच खिडकीतून लागत होते, कचेरीकडून येणाऱ्या तारेतून. त्या खिडकीशी आम्ही एक चौकीदार बसवला. चाळीसएक ओळींचे काम. तारेवरून जो तुकडा येईल तो, उलगडण्यापूर्वी, जसाच्या तसा, क्रमाने आणि वेळेनिशी लिहून ठेवायचा. शेवटचे काही शे तुकडे ठेवून जुने टाकून द्यायचे. आज्ञावली कोसळलीच, तर मागाच्या प्रत्येक पायरीवर तिच्या हातात काय होते त्याचा पंचनामा करायचा आणि सगळे एका फायलीत बांधायचे. पायथनमध्ये हे अवघड नाही. कोसळलेल्या आज्ञावलीच्या पायऱ्या आणि त्यांवरली मूल्ये काही क्षण स्मरणात शाबूत असतात, ती तेवढ्यात उचलायची असतात. शिवाय पहिले वजन होताच ते डिस्कवर लिहायचे. हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवे होते. त्याबद्दल सबब सांगत नाही.

नवव्या दिवशी आज्ञावली कोसळली. कारखान्यातून फोन आला तेव्हा आम्हांला झालेला आनंद घरच्यांना समजेना! फाईल घरी आणली, टिपलेले तुकडे त्याच क्रमाने आमच्या संगणकावरच्या आज्ञावलीला भरवले, आणि ती कोसळली. पुन्हा भरवले, पुन्हा कोसळली. बारा वेळा चालवली, बारा वेळा त्याच ओळीवर पडली. महिनाभर अंगणात येऊन पळणारे भूत आता खुंटीला बांधलेले होते.

आणि ते भूत निघाले आपल्याच लिपीचे. इंग्रजी अक्षर संगणकात साठवायला एक घर लागते, ज्याला बाइट म्हणतात. आज सर्वत्र चालणाऱ्या ‘यूटीएफ–८’ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व वेगवेगळी चिन्हे. ‘वर्धा’ लिहायला व, र, हलन्त, ध आणि काना अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा घरे. ‘हिंगणघाट’ला चोवीस. आता तार काही अक्षरे पाहून तुकडे पाडीत नाही. ती घरे मोजते, आणि रस्त्यात गर्दी असेल तसा तुकडा कधी लांब, कधी आखूड येतो. हिंगणघाटातल्या ‘घ’ची दोन घरे एका तुकड्यात आणि तिसरे पुढल्या तुकड्यात, असे झाले की आमची आज्ञावली पहिला तुकडा एकटाच उलगडायला जाई, अर्धा ‘घ’ तिच्या घशात अडके आणि ती प्राण सोडी.

आमच्या घरी का पडत नव्हती, हे आता उघड आहे. घरी मजकूर एकाच संगणकावरून, एकाच तुकड्यात येत होता. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत का पडली नाही? तोवर कचेरीत सगळी नावे इंग्रजी लिपीत भरली जात. संक्रांतीनंतर तेथे कोणी मराठीचा अभिमानी कारकून आला असावा. त्याने काही गावांची नावे मराठीत भरायला सुरुवात केली. चांगलेच केले. चूक आमची होती, आणि ती ज्या मंडळींना एका अक्षराला एक घर पुरते त्यांच्या सवयी आम्ही डोळे मिटून उचलल्यामुळे झाली. दुरुस्ती तीन ओळींची निघाली. तुकड्याच्या शेवटी अक्षर अर्धे राहिले असेल तर ते हातात धरून ठेवायचे आणि पुढचा तुकडा आला की त्याला जोडून मग उलगडायचे. पायथनमध्ये त्यासाठी तयार सोय आहे. ती आम्ही वापरली नव्हती, इतकेच.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही ती टिपलेली फाईल फेकून दिली नाही. आज्ञावलीत काहीही बदल केला, की आधी ते जुने तुकडे तिला भरवतो. पचले, तरच ती काट्यावर जाते.

एक गोष्ट मात्र खाली बसण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे, कारण येथे आम्ही दुसऱ्यांदा चुकलो होतो. ती फाईल घरी उघडली तेव्हा तिच्यात अक्षरांबरोबर शेतकऱ्यांची नावे, बँकेचे खाते क्रमांक आणि आधार क्रमांक जसेच्या तसे होते. आम्ही त्या सगळ्यांचे खतावणीचे पान, कोणालाही न विचारता, खिशात घालून घरी आणले होते! टिपणारा चौकीदार प्रामाणिक असतो, पण त्याला गुपित कळत नाही; तो सारेच टिपतो. रुग्णालयात असा चौकीदार बसवला तर तो रोग्यांचे आजार टिपील. २०२३ मध्ये आपल्या संसदेने खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे, पण कायदा नसता तरी ही गोष्ट वावगीच होती. आता आमचा चौकीदार अंक दिसला की त्याजागी दुसरा अंक लिहितो, आणि नावातल्या प्रत्येक चिन्हाजागी तितक्याच घरांचे दुसरे चिन्ह. घरांची संख्या मात्र बदलू देत नाही. ती बदलली तर तुकडे वेगळ्या ठिकाणी फुटतील आणि आपण टिपले ते काहीतरी भलतेच ठरेल. आमच्या काही मित्रांचे म्हणणे, की दोष हवा तर सगळे खरे टिपा, नाही तर टिपूच नका. आम्हांला ते पटत नाही. एखादा दोष या झाकपाकीमुळे सुटेल, हे आम्ही मान्य करतो. तेवढी किंमत द्यावी असे आमचे मत आहे.

त्या कारखान्यात तो चौकीदार अजून बसलेला आहे. गेल्या हंगामात त्याने दोन फायली बांधल्या. एक वीज गेल्याची होती, तिच्यात शोधण्यासारखे काही नव्हते. दुसरीत काट्याने भरल्या गाडीचे वजन शून्य म्हणून कळवले आहे. काटा खरेच शून्यावर होता की आमचीच आज्ञावली पुन्हा काही गिळते आहे, हे ती फाईल चालवून पाहिल्यावर कळेल. पहिले वजन आता डिस्कवर असते, त्यामुळे त्या दिवशीच्या शेतकऱ्याला पावती बरोबर मिळाली, आणि त्याला यातले काही ठाऊकही नाही.